म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप द्यायची वेळ: ओळखायची कशी, ठरवायची कशी

घरातला कुत्रा म्हातारा झाला की "याला आता त्रास होत असेल का?" हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येऊन जातो, पण बोलून कुणी दाखवत नाही. आमच्या मोतीच्या शेवटच्या वर्षात आमच्या घरातही तसंच झालं. कुणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "वेळ आली की तोच सांगेल."

मला हे पटत नाही, आणि म्हणूनच निरोपाबद्दल, म्हणजे डॉक्टरांच्या इंजेक्शनने शांत मरण देण्याबद्दल, हा लेख लिहितेय. काही कुत्री खरंच सांगतात. खाणं-पिणं सोडतात, कोपऱ्यात जाऊन पडतात, नजर मिळवत नाहीत. पण कित्येक कुत्री शेवटपर्यंत जेवतात, दार वाजलं की शेपूट हलवतात आणि तुम्ही उठलात की धडपडत मागे येतात. आतून दुखत असलं तरी. अशा कुत्र्याच्या "सांगण्याची" वाट बघत बसलात तर त्याने महिनोन्‌महिने सोसल्यानंतर तुम्हाला कळेल. तेव्हा बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि ठरवायचं आपल्यालाच आहे. ते कसं करायचं, हे खाली क्रमाने दिलंय. पहिल्या चार पायऱ्या कुत्रा अजून बऱ्यापैकी असतानाच सुरू करा. घाईत, रात्री दोन वाजता, दवाखान्याच्या बाकावर बसून हे सगळं सुचत नाही.

१. आधी खात्री करा: हे म्हातारपण आहे की बरा होणारा आजार?

"वय झालंय त्याचं" हे काही निदान नव्हे. मोठ्या अंगाच्या जाती ७-८ वर्षांत म्हाताऱ्या होतात, छोट्या जातींची कुत्री १०-११ व्या वर्षीही टुणटुणीत असतात. नुसत्या वयावरून काहीच ठरत नाही. सुस्ती, वजन वाढणं, केस गळणं यामागे थायरॉइड कमी झालेलं असू शकतं, आणि त्याला गोळी आहे. जेवण सोडलेल्या कुत्र्याचा एखादा दात मुळाशी सडलेला असतो. तो काढला की कुत्रा पुन्हा ताटलीवर तुटून पडतो. घरात लघवी करायला लागलेल्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला असू शकतो. म्हणून रक्त, लघवी, दात आणि रक्तदाब यांची तपासणी झाल्याशिवाय निरोपाचा विषयच काढू नका.

एका आजाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्याने भल्याभल्यांची गाळण उडते. काल धडधाकट असलेला म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो एका बाजूला कलंडतच. मान वाकडी, डोळ्यांची बुबुळं डावी-उजवीकडे झटके देत फिरताहेत, उलट्या होताहेत, उभं राहता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं अर्धांगवायूचा झटका आला, संपलं सगळं. पुष्कळदा हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये तो कारण न सापडताही होतो. बहुतेक कुत्री २-३ दिवसांत सावरायला लागतात आणि २-३ आठवड्यांत नीट चालतात. मान थोडी तिरकी राहिली तर राहते. डॉक्टरांना लगेच दाखवा, कानाचा संसर्ग किंवा मेंदूचा आजार नाही ना हे बघू द्या, उलटीचं औषध घ्या, पडून लागू नये म्हणून उशा लावा. पण पहिल्याच दिवशी निरोपाचा निर्णय घेऊ नका.

याच्या अगदी उलट, काही वेळा थांबायचंच नसतं. श्वास लागलाय आणि हिरड्या किंवा जीभ निळसर झालीये, पोट फुगलंय आणि उलटीचे उमाळे येऊनही काही बाहेर पडत नाही, हिरड्या पांढऱ्याफटक पडून कुत्रा कोसळलाय, झटका (फिट) ५ मिनिटांहून जास्त चाललाय किंवा एकामागून एक झटके येताहेत. यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

२. दुखणं ओळखायला शिका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. "तो कण्हत नाही, म्हणजे दुखत नसणार," असं आपण धरून चालतो. एकदम लागलं तर कुत्रा ओरडतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात तो बहुधा गप्प असतो. दुखणं दिसतं ते त्याच्या वागण्यात:

- बसताना आणि उठताना वेळ लागतो, बसण्याआधी गोल गोल फिरतो
- रात्री एका जागी टिकत नाही, सारखी कूस आणि जागा बदलतो
- गरम होत नसताना, पळापळ झालेली नसताना धापा टाकतो
- एकच सांधा किंवा पंजा सतत चाटतो
- पाठीला, कमरेला हात लावला की आखडतो, क्वचित गुरगुरतो
- जिना, सोफा, गाडी या गोष्टी हळूहळू "नको" होतात
- पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवतो आणि तसाच थांबतो (हे पोट दुखत असल्याचं लक्षण)

मोतीचं मला पहिल्यांदा जाणवलं ते आवाजावरून. फरशीवरून चालताना त्याच्या मागच्या उजव्या पायाचा 'सर्र' असा आवाज यायला लागला. पंजा हातात घेऊन पाहिला तर मधल्या दोन नखांची वरची बाजू सपाट घासली गेली होती. पाय पुरता उचलला जात नव्हता, पंजा दुमडून मागे ओढला जात होता. डॉक्टरांनी त्याला उभं करून तो पंजा मुद्दाम उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा टेकवला. धड असलेला कुत्रा तसा पंजा क्षणात सरळ करतो. मोती तसाच उभा राहिला, मग सावकाश पाय हलवला. ही तपासणी त्यांनी मला शिकवली आणि पुढे मी ती घरीच करत राहिले. तुम्हीही शिकून घ्या. मागच्या पायांवरचा ताबा किती वेगाने सुटत चाललाय हे त्यावरून कळतं.

दुखतंय की नाही याबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: काही दिवस वेदनाशामक देऊन बघायचं का? औषध सुरू झाल्यावर कुत्रा पुन्हा दारापर्यंत यायला लागला, रात्री शांत झोपला, तर तो "म्हातारा" झालेला नव्हता, त्याला दुखत होतं. अशा वेळी निरोपाचा विचार खुशाल बाजूला ठेवा. नीट औषधोपचाराने संधिवाताच्या कुत्र्याला चांगले दिवस मिळू शकतात, कधी महिने, कधी वर्षं.

इथे एक धोका आहे, तो नीट लक्षात ठेवा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी निकामी होते. पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालतं. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, गॅबापेंटिन अशी औषधं आहेत आणि ती वजनाप्रमाणे, रक्ततपासणी बघून दिली जातात. स्टेरॉइड चालू असताना त्यावर कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम चढवणंही घातक आहे. "मागच्या वेळची गोळी उरलीये" म्हणून परस्पर सुरू करू नका.

३. लिहायला लागा

एक साधं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. त्याच्या शेजारी तुमच्या कुत्र्याच्या सगळ्यात आवडीच्या पाच गोष्टी लिहा. "आनंदी असणं" असं मोघम लिहू नका, नेमकं लिहा. मोतीच्या यादीत होतं: सकाळी दारात जाऊन हवा हुंगणं, रबरी चेंडू तोंडात घेऊन घरभर मिरवणं, मुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपणं, पट्ट्याचा आवाज आला की उठणं, आणि जेवण.

रोज रात्री त्या दिवसावर एक खूण करा: चांगला किंवा वाईट. अधलंमधलं काही ठेवू नका, नाहीतर सगळेच दिवस "बरा होता" होऊन बसतात. खूण शक्यतो घरातल्या दोघांनी वेगवेगळी करावी. एकाच्या लक्षात येत नाही ते दुसऱ्याच्या येतं, आणि महिन्याच्या शेवटी दोन रांगा शेजारी ठेवल्या की कोण डोळेझाक करतंय तेही कळतं.

हे सगळं कशासाठी? रोज डोळ्यांसमोर असलेल्या जीवातला बदल आपल्याला दिसत नाही. आज जे "नेहमीचं" वाटतं ते सहा महिन्यांपूर्वी आपल्याला भयंकर वाटलं असतं. कॅलेंडर असलं की आठवणीवर विसंबून राहावं लागत नाही. महिन्यातून एकदा वजन करा. आठवड्यातून एकदा चालण्याचा, उठण्याचा आणि झोपेतल्या श्वासाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. पाचपैकी तीन गोष्टी सुटल्या असतील तर डॉक्टरांशी सविस्तर बोलायची वेळ झालीच असं धरा.

४. सात बाबींचा तक्ता भरा

अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मोजपट्टी मांडली. जगभरातले पशुवैद्य ती वापरतात. सात बाबी, प्रत्येकीला ० ते १० गुण:

- वेदना (श्वास नीट घेता येणं यातच येतं)
- भूक
- पाणी, म्हणजे शरीरातला ओलावा
- स्वच्छता
- आनंद
- हालचाल
- वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का

एकूण ७० पैकी ३५ च्या वर गुण असतील तर सांभाळत राहणं योग्य, असं ही मोजपट्टी सांगते. माझा सल्ला असा की नुसत्या बेरजेवर जाऊ नका. भुकेला १० आणि वेदना-श्वासाला १ अशी बेरीजही भली दिसते, पण ज्याला श्वास घेता येत नाही त्याचा दिवस चांगला नसतोच. वेदना आणि श्वासाचा आकडा आधी बघा.

काही आकडे घरी काढता येतात. गाढ झोपेत छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. ३० च्या आत असायला हवं. हृदयरोगी कुत्र्यात हा आकडा सतत ३० च्या पुढे जायला लागला तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ओलावा बघण्यासाठी खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची असं सांगतात, पण म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी एरवीही सैल असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा हिरडीला बोट लावा. ती ओलसर आणि गुलाबी हवी, आणि बोटाने दाबून सोडल्यावर २ सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा.

भुकेबद्दल एक इशारा. "अजून जेवतोय ना!" हा सगळ्यात पक्का आधार म्हणून धरला जातो, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. खादाड स्वभावाचा कुत्रा मरणाच्या दारातही खातो. याच्या उलट, किडनीच्या आजारात कुत्रा भुकेने ताटलीपाशी येतो, तोंड खाली घालतो, ओठ चाटतो आणि मागे फिरतो. त्याला मळमळतंय. मळमळीवर आणि भुकेवर औषधं आहेत, ती आधी मागून बघा.

५. आपल्या रेषा आधीच आखा

कुत्र्याला कुठला आजार आहे हे कळल्यावर डॉक्टरांना विचारा: "हा आजार शेवटी कसा दिसतो?" मग घरात बसून लिहून काढा की काय झालं तर आपण थांबायचं, म्हणजे निरोप द्यायचा. मन शांत असताना लिहिलेली ही दोन-चार वाक्यं पुढे फार उपयोगी पडतात, कारण प्रसंग आला की प्रत्येक रेषा आणखी थोडी पुढे सरकवावीशी वाटते.

हृदयाचा आजार असेल तर रेषा अशी असू शकते: औषधं वाढवूनही पुन्हा फुप्फुसात पाणी भरलं तर थांबायचं. किडनीचा असेल तर: सलाईन आणि मळमळीचं औषध चालू असूनही सलग दोन दिवस पोटात काही टिकलं नाही तर. मागचे पाय गेले असतील तर: आधार देऊनही उभं राहता येत नसेल, स्वतःच्याच लघवीत पडून राहावं लागत असेल, किंवा अंगाला जखमा व्हायला लागल्या असतील तर.

प्लीहेच्या गाठीबद्दल वेगळं सांगायला हवं. पोटातली ही गाठ कधी कधी आतल्या आत फुटते, रक्तस्राव होतो, कुत्रा अचानक कोसळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. स्राव थोडा असेल तर दुसऱ्या दिवशी तो उठून फिरायलाही लागतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. अशा गाठीचं निदान झालं असेल आणि शस्त्रक्रिया करायची नसेल, तर चांगला दिवस असतानाच निरोप द्यायचा विचार करा. पुढचा स्राव मध्यरात्री झाला तर शेवट दवाखान्याच्या धावपळीत होतो.

सगळ्यात अवघड प्रकार बुद्धिभ्रंशाचा. शरीर धड असतं, भूक उत्तम असते, पण कुत्रा रात्रभर घरात येरझारा घालतो, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूने बाहेर पडायला बघतो, ओळखीच्या माणसाला दचकतो. रात्रीचा मंद दिवा, ठरलेला दिनक्रम आणि सेलेजिलिनसारखं औषध यांचा काहींना फायदा होतो. तक्त्यात अशा कुत्र्याचे गुण चांगले दिसतात, म्हणून वेगळा प्रश्न विचारा: जागेपणीचे किती तास तो निवांत असतो आणि किती तास घाबरलेला? घाबरलेले तास जास्त असतील, तर शरीर धडधाकट आहे एवढ्यावर त्याला थांबवून ठेवू नका.

आणि सांभाळणाऱ्या माणसाची झोप, कंबर, पैसा हेही रेषेत येतं. ते लिहायची लाज वाटून घेऊ नका. रात्र रात्र जागून कावलेल्या माणसाच्या हातून सेवा नीट होत नाही, त्याचा त्रास शेवटी कुत्र्यालाच होतो.

६. डॉक्टरांकडे जाताना

नेहमीच्या तपासणीच्या दहा मिनिटांत हे बोलणं होत नाही. "मला त्याच्या पुढच्या दिवसांबद्दल बोलायचंय, जरा निवांत वेळ द्या," असं आधी सांगून वेळ घ्या. सोबत न्या:

- जुन्या तपासण्यांची फाइल: रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी
- चालू औषधांची यादी, मात्रेसह
- वजनाची नोंद, कॅलेंडर आणि भरलेला तक्ता
- काढून ठेवलेले व्हिडिओ
- तुमच्या रेषा लिहिलेला कागद

व्हिडिओ विसरू नका. दवाखान्यात शिरल्याबरोबर भीतीने कुत्र्याच्या अंगात बळ येतं. घरी लंगडणारा तिथे ताठ चालतो आणि डॉक्टरांना तुमचं बोलणं अतिशयोक्त वाटू शकतं.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके: हा उपचार त्याला बरं करेल की फक्त दिवस वाढवेल? वाढलेले दिवस कसे असतील? वेदना पुरती आटोक्यात आहे का? आपण काहीच केलं नाही तर काय होईल? आणि शेवटचा: "तुमचा स्वतःचा कुत्रा असता तर तुम्ही काय केलं असतं?" पुष्कळ डॉक्टर आपण होऊन सल्ला देत नाहीत, निर्णय मालकाचा असतो म्हणून. विचारलंत तर बहुतेक जण मनापासून सांगतात. उत्तर गोलमोल वाटलं तर दुसऱ्या पशुवैद्यांचं मत घ्या, पण एकदाच. चार ठिकाणी फिरवलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे हाल होतात.

७. घरात बोला

ज्याचा कुत्र्यावर सगळ्यात जास्त जीव आहे तोच बहुधा सगळ्यात शेवटी तयार होतो. त्याच्याशी वाद घालू नका, कॅलेंडर दाखवा. सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं असंही नाही, पण "आपण कशाची वाट बघतोय?" या प्रश्नाला प्रत्येकाने उत्तर द्यावं. उत्तर "त्याला बरं वाटेल म्हणून" असेल तर वाट बघायला कारण आहे. "मला जमत नाहीये म्हणून" असेल तर तेही खरं आहे, फक्त ते कुत्र्याच्या नावावर खपवू नका.

मुलांशी खोटं बोलू नका. दुसऱ्याकडे पाठवला, पळून गेला असं सांगितलेलं मूल वर्षानुवर्षं वाट बघतं. त्याचं शरीर आता बरं होऊ शकत नाही, त्याला दुखतंय, डॉक्टर असं औषध देतील की त्याचं हृदय थांबेल आणि त्याला दुखणार नाही, इतकं सरळ सांगितलं की मुलांना समजतं. त्या वेळी जवळ थांबायचं की नाही, हे कळत्या वयाच्या मुलाला ठरवू द्या.

८. दिवस ठरवा

"झोपेतच शांतपणे गेला तर बरं" असं सगळ्यांनाच वाटतं. होतंही तसं कधी कधी. पण त्या आशेवर दिवस ढकलू नका. किडनी निकामी होऊन येणारं मरण दिवसचे दिवस उलट्या, तोंडातले फोड आणि झटके घेऊन येऊ शकतं. हृदयाच्या आजारात गुदमरणं असतं. नैसर्गिक मरण म्हणजे शांत मरण, असं नसतं.

रेषा ओलांडली गेली की "बघू" म्हणू नका, तारीख आणि वेळ ठरवा. डॉक्टर घरी येणार असतील तर उत्तम. नसतील तर दवाखान्यात गर्दी नसण्याची वेळ मागून घ्या. तारीख ठरल्यावर कुत्रा एखाद्या दिवशी चांगला उठेल, चेंडू तोंडात घेईल, आणि तुमचा पाय मागे ओढला जाईल. हे बहुतेकांच्या बाबतीत होतं. एका दिवसावरून ठरवू नका, महिना बघा. थोडं आधी झालं तर तुमचे काही दिवस कमी होतात. उशीर झाला तर त्याचं दुखणं वाढतं. मी पहिलं निवडेन.

तयारी म्हणून आधीच ठरवून ठेवा: संमतीपत्रावर सही कुणी करायची, गाडी कुणी चालवायची (रडणाऱ्याने नको), खोलीत कोण थांबणार, शरीराचं पुढे काय करायचं, आणि पैसे आधी देता येतील का. नंतर काउंटरवर उभं राहून पावती घेणं नको होतं.

९. प्रत्यक्ष काय होतं

हे माहीत असलेलं बरं, कारण अनपेक्षित गोष्टीच मनात घर करून बसतात.

बहुतेक ठिकाणी आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. तसं ते देणार का, हे विचारून घ्या आणि नसतील देत तर मागा. काही मिनिटांत कुत्रा पेंगतो, मान टाकतो. गुंगीने कधी उलटी होते, म्हणून शेवटचा खाऊ किती आणि केव्हा द्यायचा हेही विचारा. मग पुढच्या पायावरचे थोडे केस काढून कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची बारीक नळी, लावतात. रक्तदाब खालावलेला असेल तर शीर सापडायला वेळ लागतो, मागच्या पायात शोधावी लागते; ती डॉक्टरांची चूक नसते. त्यातून पेंटोबार्बिटल हे भुलेचं औषध फार मोठ्या मात्रेत देतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि बहुधा थोड्याच मिनिटांत हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात.

यानंतर डोळे उघडेच राहतात. स्नायू थरथरू शकतात, एखाद-दोन खोल उसासे येऊ शकतात, लघवी-शी होऊ शकते. हे दिसलं तरी तो जागा झालेला नसतो, त्याला काही जाणवत नसतं. अंगाखाली घरचं पांघरूण आणि त्याच्या खाली शोषून घेणारी चादर घाला.

जवळ थांबायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तुम्हाला थांबणं शक्य नसेल, तर त्याच्या ओळखीचं दुसरं कुणीतरी गुंगी चढेपर्यंत तरी त्याच्या डोक्याशी असू द्या. मी मोतीच्या कानामागे हात ठेवला होता आणि त्याच्याशी रोजच्यासारखं बोलत होते. तेवढंच करायचं असतं.

१०. नंतरची कामं

शरीर काही तासांत आखडतं, म्हणून पाय आधीच पोटाशी दुमडून त्याला कुशीवर ठेवा, चादरीत गुंडाळा, थंड जागी ठेवा. दहन करायचं असेल तर एकट्याचं की सामूहिक हे आधी विचारा. अस्थी परत हव्या असतील तर एकट्याचंच दहन हवं. पुरणार असाल तर तिथल्या नियमांत ते बसतं का बघा आणि खड्डा किमान ३-४ फूट खोल, विहीर आणि वाहत्या पाण्यापासून लांब घ्या. पेंटोबार्बिटल शरीरात तसंच राहतं आणि उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावराचा जीव जाऊ शकतो. उथळ खड्डा खणू नका.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला शरीर हुंगू द्या, हवं तितका वेळ. काही कुत्री नंतर दिवसेंदिवस शोधत फिरतात, जेवण कमी करतात. त्याचे फिरायचे आणि जेवायचे ठरलेले वेळ मोडू नका. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा, दुःख म्हणून सोडून देऊ नका.

परवाना किंवा मायक्रोचिपची नोंद असेल तर ती बंद करा, लसीकरणाचे आठवण-संदेश थांबवायला दवाखान्यात सांगा; दोन महिन्यांनी येणारा तो संदेश फार लागतो. उरलेली औषधं दुसऱ्या जनावराला देऊ नका, कचऱ्यात उघडी टाकू नका, डॉक्टरांकडे परत करा.

"घाई तर नाही ना केली?" हा विचार येणारच. आला की कॅलेंडरचे शेवटचे दोन महिने आणि जुने व्हिडिओ बघा, किंवा डॉक्टरांना फोन करून विचारा. ते कागद बघून सांगतील. झोप, जेवण, काम बरेच आठवडे रुळावर येत नसेल तर समुपदेशकाकडे जा. "कुत्र्यासाठी एवढं?" म्हणणाऱ्यांना समजावत बसू नका. ज्यांनी कुत्रा सांभाळलाय अशा माणसाशी बोला.